पुढच्या सीटवरची रोवेना

थंडी पडली की आमच्या घरी दोघांना पांघरूण लागतं, एरॉलला आणि फियाटला. एरॉल माझा धाकटा, अजून रांगायलाही लागलेला नाही. फियाट एकाहत्तर सालची. एरॉलला मी गुंडाळते, फियाटला पपा. पपा म्हणजे माझे सासरे, पॉल. जेवण झालं की ते बोनेटवर जुनी गोधडी टाकतात, कडेनं नीट खोचतात आणि सकाळी घडी करून डिकीत ठेवतात. वसईजवळच्या आमच्या वटारला अशी काय मोठी थंडी पडते म्हणा. पण डिसेंबरात वाडीतल्या केळीची पानं पहाटे दवानं ओली असतात, आणि जुन्या इंजिनाला तेवढंही पुरतं. चोक ओढायचा, स्टार्टर मारायचा, थांबायचं, परत मारायचा. पपांना घाई नसते. "उठते हळूहळू," म्हणतात, "तिचंही वय झालंय."

गाडी रोज चाललीच पाहिजे, हा त्यांचा नियम. पाऊस असो की अंगात ताप असो. माझ्या सासूबाई लुसी गेल्या, त्या दिवशीही चर्चमधून सगळे परतल्यावर पपा गाडी काढून निर्मळच्या देवळापर्यंत जाऊन आले होते, असं जोनाथन सांगतो. जोनाथन माझा नवरा. तो वसई पूर्वेला कारखान्यात पाळीवर जातो, मोटरसायकलवरून. मी स्कूटर चालवते, पण आमच्या मोठीला, रोवेनाला, थंड वाऱ्यात लगेच छाती भरून येते. म्हणून हिवाळाभर तिची शाळा पपांच्या गाडीतून.

रोवेना सिनियर केजीत आहे. ती पुढे आजाशेजारी बसते. फियाटची पुढची सीट बाकासारखी सलग, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे मध्ये काही येत नाही. गाडी अंगणातून निघाली की मला ओट्यावर तिचा आवाज ऐकू यायचा. "फाटक. कोंबडी. डावीकडे सायकल." आजा-नातीचा खेळ आहे, दिसेल ते सांगायचं, एवढंच मला माहीत होतं. शाळेतल्या टीचरही म्हणाल्या होत्या, मुलीचं लक्ष फार असतं हो. मला बरं वाटलं होतं.

मग एरॉलच्या डोसचा दिवस आला. दवाखाना शाळेच्या पुढेच, म्हणून त्याला घेऊन मी मागे बसले. सकाळी धुकं होतं, त्यात वाड्यांमधून पालापाचोळा जाळल्याचा धूर. रोवेनाचा खेळ सुरू झाला.

"सायकल. फुलवाली."

"किती लांब, बाय?"

"त्या माडापाशी."

"आणि समोर?"

"समोर कुणी नाही. आता वळण."

पपा वळले. मी मनात म्हटलं, किती छान शिकवतात. तेवढ्यात एरॉल रडायला लागला आणि रोवेना सीटवर गुडघे टेकून मागे वळली. त्याला टाळ्या वाजवून दाखवू लागली.

"बाय, बोल," पपा म्हणाले.

ती टाळ्याच वाजवत होती. गाडीचा वेग कमी झाला.

"बाय, बोल की."

मी समोर पाहिलं. रस्त्याच्या कडेला केळीचे घड भरत असलेला टेम्पो उभा होता, पांढरा, त्या धुक्यात धुक्याच्याच रंगाचा. आणि आम्ही सरळ त्याच्याकडे चाललो होतो.

"पपा, टेम्पो."

त्यांनी ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. जुन्या गाडीला दोनदा दाबावा लागतो. टेम्पोच्या फाळक्याला हात लावता येईल एवढ्यावर गाडी थांबली आणि बंद पडली. टेम्पोवरचा रामू हातात घड घेऊन तसाच उभा राहिला.

"काय पॉलकाका," तो म्हणाला, "केळी पायजे तर मागायची ना. गाडीच घालताय भरायला."

पपा हसले. "तुझा टेम्पो धुतलास म्हणून ओळखला नाही रे."

रोवेना मात्र हसली नाही. ती नीट समोर तोंड करून बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. "आजा, सॉरी," ती हळूच म्हणाली. "मी मागे बघितलं ना, म्हणून झालं."

तेव्हा मला कळलं. खेळ नव्हता तो. माझी पाच वर्षांची मुलगी रोज सकाळी गाडी चालवत होती.

उरलेल्या रस्त्यात "सायकल, रिक्षा, आजी" असं मीच मागून सांगत राहिले. घरी येतानाही.

दुपारी एरॉल झोपला. पपा ओट्यावर बसले होते. मी त्यांना चहा दिला आणि बाजूला बसले.

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं की." मग म्हणाले, "उन्हात दिसतं. सकाळचं जरा धूसर होतं, हिवाळ्यात."

"मग शाळा उन्हाळ्यात भरवायला सांगू?"

त्यांनी चहा फुंकला. "मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाला, काढून टाकू. मी म्हटलं, नाताळ होऊ दे. डोळ्याला पट्टी बांधली की महिना-दीड महिना गाडी उभी राहणार. थंडीत ही एकदा उभी राहिली की बसली, उर्सुला. बॅटरी उतरते, पेट्रोल सुकतं. आणि मग जोनाथन काय म्हणेल तुला माहीत आहे."

माहीत होतं. विकून टाका, म्हणेल. एव्हरशाईन सिटीतला एक डेकोरेटर दोनदा विचारून गेला होता. लग्नातल्या फोटोंसाठी त्याला जुनी गाडी हवी होती. हॉलच्या दारात उभी करायची, वर फुलं, नवरा-नवरी बोनेटला टेकणार.

"इंजिनसुद्धा नको म्हणाला मला," पपा म्हणाले. "म्हणे काढून ठेवलंत तरी चालेल."

मला वाईट वाटलं. पण मांडीवर हात ठेवून बसलेली रोवेना डोळ्यांसमोरून जात नव्हती.

"पपा, उद्यापासून रोवेना तुमच्या गाडीत बसणार नाही. आणि तुम्हीही चालवणार नाही. तिला वाटतंय तिची चूक झाली. उद्या खरंच काही झालं असतं, तर जन्मभर तेच वाटलं असतं."

ते वाडीकडे बघत राहिले. काय दिसत होतं देव जाणे.

"ती सॉरी म्हणाली, ते ऐकलं मी," ते म्हणाले.

मग मीच म्हटलं, "मला शिकवा. मी चालवेन रोज. ऑपरेशन करा, गाडी उभी राहणार नाही."

"तू? तुझी ती बटणाची स्कूटर."

"लग्नाआधी क्लास लावला होता. लायसन्स आहे माझं."

"लायसन्स गाडी चालवतं का?" ते म्हणाले, पण उठले आणि आतून चावी घेऊन आले.

शेजारच्या कार्मिनमावशीकडे एरॉलला ठेवून आम्ही चर्चमागच्या मैदानात जायचो. दुपारी, उन्हात. पहिला गिअर कुठे गेला ते मला सापडायचंच नाही. "स्वतःकडे ओढ आणि खाली. कुणाचा कान पिळतेस का?" पपा म्हणायचे. गाडी बंद पडली की गप्प बसायचे, आणि ते गप्प बसणं बोलण्यापेक्षा वाईट. चोक किती ओढायचा हे त्यांना सांगता येईना. "ऐक," एवढंच म्हणायचे. मी ऐकायची. आधी मला नुसता खोकला ऐकू यायचा, मग कधीतरी त्यातलं चढणं-उतरणं कळायला लागलं.

जोनाथनला सगळं सांगितलं तेव्हा तो पपांवर चिडला आणि मग माझ्या हातातल्या चावीकडेच बघत बसला. "तुला दिली?" तो म्हणाला. "मला साधी धुवायलासुद्धा दिली नाही कधी."

तोवर रोवेना रिक्षानं शाळेत जात होती. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी तिला पहिल्यांदा गाडीतून शाळेत न्यायला निघाले. पपा मागे बसले. पुढे जागा होती, तरी मागे. "पुढे बसलो तर पाय ब्रेक शोधतो," ते म्हणाले.

गाडी तिसऱ्या वेळी सुरू झाली. फाटकातून बाहेर पडताना रोवेनानं तोंड उघडलं, "कोंब..."

"मला दिसली गं," मी म्हटलं. "तू बस आरामात."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग बाजूच्या काचेला नाक लावलं आणि तोंडानं वाफ सोडून तिच्यावर बोटानं काहीतरी गिरवत बसली. निर्मळ येईपर्यंत तिनं रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मागून पपांची चुळबुळ चालू होती. मला वाटलं आता गिअरवरून बोलणार.

"उर्सुला, इथं खालून वारं येतं."

"कुठून?"

"पत्रा गंजलाय पायाशी. पार गुडघ्यापर्यंत गार पडतं." ते वाकून हातानं चाचपत होते. "लुसी इतकी वर्षं इथंच बसायची, बाजाराला न्यायच्या फुलांच्या टोपल्या घेऊन. पहाटे. थंडीतसुद्धा." थोड्या वेळानं म्हणाले, "कधी बोलली नाही."

मी गिअर बदलला. या वेळी आवाज झाला नाही.

"घरी गेल्यावर गोणपाट टाकते," मी म्हटलं.

"टाक," पपा म्हणाले. "जाडसं टाक."