गळतीमहाराजांचं दगडी कापड

"ठोका!" महाराज म्हणाले.

मालकांनी पाना उचलला आणि पाइपाभोवती गुंडाळलेल्या कापडावर मारला. टण्‌! घटकेपूर्वी ओल्या फडक्यासारखं लोंबणारं कापड आता वाजत होतं.

"दगड झाला गं! कापडाचा दगड झाला!"

धुलाई कारखान्यातल्या झाडून साऱ्या बायका टेबलं सोडून पुढे धावल्या. रुग्णालयांच्या चादरींचे ढीग तसेच पडून राहिले. मी दप्तर पोटाशी धरून उलट्या बादलीवर चढले, कारण पुढे गुडघेमावशी उभी होती आणि तिच्या मागून कुणालाच काही दिसत नाही. आपले गुडघे दुखतात हे ती दर दोन वाक्यांमागे सांगते, म्हणून तिचं हे नाव. माझं नाव टिमकी. का, ते पुढे कळेलच.

महाराज शिडीवरून उतरले. हातात पांढरेशुभ्र हातमोजे, चेहऱ्यावर नुकतंच जग वाचवून आल्याचा थकवा.

"लोखंडालाही जीव असतो, भगिनींनो! जीव असतो म्हणून दृष्ट लागते. दृष्ट लागली की ते रडतं. तुम्ही त्याला गळती म्हणता, मी अश्रू म्हणतो."

"अगाई गं, अश्रू!" गुडघेमावशी हळहळली.

अश्रू म्हणे! त्यातला एक उकळता अश्रू गेल्या आठवड्यात माझ्या आईच्या मानेवर पडला होता आणि तिथे अजून फोड होता. बॉयलरकडून येणारा गरम पाण्याचा पाइप घडीच्या टेबलांवरून आडवा जातो, आणि बरोबर त्या गळतीखाली माझी आई दिवसभर चादरींच्या घड्या घालते. मी शाळा सुटली की तिथेच येते, कोपऱ्यात बसून अभ्यास करते आणि तिच्याबरोबर घरी जाते. त्यामुळे तो पाइप मला घरच्या माणसासारखा ओळखीचा होता. कायम ऊबदार. बायका टेबलं पुसायची ब्लीचची ओली फडकी त्याच्यावरच वाळत टाकायच्या. सगळ्यांत जास्त आई.

गळती सुरू झाली तेव्हा फिटरकाकांनी मालकांना सांगितलं होतं, "साहेब, प्रत्येक गळतीचं औषध वेगळं. सांधा झिरपला तर नवी चकती घालायची. एकच भोक असेल तर पट्टा आवळायचा. पण हा लांबपर्यंत गंजला असेल, तर तेवढा तुकडाच बदलायला हवा."

"म्हणजे काम बंद?"

"दोन दिवस तरी."

मालकांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. आणि मग कुणीतरी गळतीमहाराजांचं नाव काढलं. महाराज म्हणाले, जेवणाच्या सुट्टीपुरतं पाणी बंद ठेवा, बाकीचं शक्ती बघेल. मालकांना तेच हवं होतं.

आणि आता? आता पाइपावर दगड बसला होता, आणि चकती नि पट्टा सांगणारे फिटरकाकाच सगळ्यांत पुढे हात जोडून उभे होते. मला इतका राग आला की मी बादलीवरून पडता पडता वाचले.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"अगं, डोळ्यांनी पाहिलं ना मी! सिमेंट नाही, वेल्डिंग नाही. फडकं नि पाणी!"

सगळे महाराजांना चहा पाजायला गेले तेव्हा मी शिडीवर चढले. पाइप गार पडला होता, पण कापड कोमट होतं. मी नाक जवळ नेलं. रंगासारखा एक उग्र वास आला, आणि माझं डावं मनगट खाजायला लागलं.

खरंच खाजायला लागलं! कारण मनगटाला तो वास पाठ होता. गेल्या वर्षी मी शाळेच्या भिंतीवरून पडले होते. (भिंतीवर का चढले हा वेगळा विषय आहे आणि आईला तो माहीत नाही असं मी धरून चालले होते.) तेव्हा हाडांच्या डॉक्टरबाईंनी हातमोजे घालून चंदेरी पाकीट फोडलं, आतली जाळीदार पट्टी पाण्यात बुडवली, पिळली आणि माझ्या हाताला गुंडाळली. पट्टी गरम झाली. मग कडक झाली. मी पुढे कितीतरी दिवस वर्गातल्या पोरांच्या डोक्यात ती टणाटण मारत होते.

"आई!" घरी जाताना मी रस्त्यातच ओरडले. "ते प्लास्टर आहे! माझ्या हाताला होतं तसलं!"

"हळू बोल. टिमकी नाव उगीच नाही पडलं तुझं."

"त्यांनी पाकीट आयत्या वेळीच का फोडलं?"

"हवा लागली की शक्ती उडते. सांगितलं ना त्यांनी?"

"हवेतल्या ओलाव्याने ते आधीच कडक होतं म्हणून! आणि हातमोजे?"

"पवित्रता पाळतात ते."

"हाताला चिकटतं म्हणून!"

आई थांबली. भर फुटपाथवर. "हे बघ, पाणी गळायचं थांबलं की नाही? माझी मान भाजायची थांबली की नाही? मग तुझं काय जातंय?"

पाणी थांबलंच होतं. मी घरापर्यंत पाय आपटत गेले.

पण काही दिवसांत त्या कापडापासून हातभर अंतरावर नवा थेंब दिसला. तोही आईच्या टेबलावर. शहाण्या माणसाला शंका आली असती. आमच्याकडे काय झालं? "दृष्ट सरकली!" असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. मालकांनी महाराजांना पुन्हा बोलावलं आणि पाइप भरवशाचा आहे म्हणून काम चालू ठेवलं. बायकांनी शक्ती मिळावी म्हणून फडकीही मुद्दाम त्या कापडाशेजारीच वाळत घातली. आणि आई त्याच्याखाली उभी!

मी तडक डॉक्टरबाईंकडे गेले. एका दमात सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की बाहेरचा प्लास्टरवाला रोगी घाबरला.

"तुझं बरोबर आहे. पाइपांसाठीही याच जातीची पट्टी मिळते. चांगली असते गं ती, लहानशा चिरेला अगदी योग्य."

"चांगली असते?" माझा चेहराच पडला. "मग महाराज खरे?"

"मी तुझ्या हाताला पट्टी कधी बांधली? आल्या आल्या?"

"नाही. आधी एक्स-रे काढला."

"का?"

मी मनगट चाचपून बघितलं.

"कुठलं हाड, कुठे, किती मोडलंय हे बघितल्याशिवाय गुंडाळलेली पट्टी म्हणजे नुसतं पांघरूण," त्या म्हणाल्या. "आतलं हाड भुगा झालं असेल तर वरून कितीही कडक बांधा." मग त्यांनी कपाटातून दोन पाकिटं काढून दिली. "मुदत संपत आलीय यांची. ने. आणि हातमोजे घाल, नाहीतर परीक्षेत पेन बोटांनाच चिकटेल."

महाराज आले त्या दिवशी कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या छापखान्यातलीही माणसं आली होती. महाराजांनी चकचकीत भांड्यातल्या पाण्यावर हात फिरवला आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

"थांबा!" मी म्हणाले.

सगळी मान वळवून बघायला लागली. गेल्या वर्षीची मी असते तर तिथेच विरघळून गेले असते. पण यंदा मी वक्तृत्वाच्या स्पर्धेत उभी राहिले होते, आणि तीनशे मुलांसमोर एकदा चड्डी सावरत बोललेल्या माणसाला मग कशाची भीती वाटत नाही.

"हे मीसुद्धा करू शकते. मंत्राशिवाय. या नळाच्या पाण्याने."

मी हातमोजे चढवले, पाकीट फोडलं, पट्टी फरशी धुवायच्या बादलीत बुडवली आणि एका मोडक्या खुर्चीच्या पायाला गुंडाळत खणखणीत आवाजात एकोणीसचा पाढा म्हटला. शेवटाला पोचले तरी पट्टी मऊच होती, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. तिसऱ्यांदा "एकोणीस दाहे" म्हणेपर्यंत पट्टी तापली आणि आवळून बसली. मी पाना मारला. टण्‌!

मला वाटलं, जिंकले.

"अगं बाई!" गुडघेमावशी पुढे झेपावली. "पोरीच्या हातात शक्ती आली! माझ्या गुडघ्यावर हात ठेव गं, बाळ!"

"अहो मावशी, शक्ती नाही! पाढा आहे!"

"पाढ्याचा मंत्र!" छापखान्यातलं कुणीतरी म्हणालं.

महाराज तर माझ्याहून चलाख. त्यांनी डोळे मिटून माझ्याकडे हात केला. "मी म्हणालो नव्हतो? माझा अंश या कन्येत उतरला आहे. आजपासून ही माझी शिष्या!"

टाळ्या! माझ्यासाठी टाळ्या! आयुष्यात पहिल्यांदा इतक्या टाळ्या मिळाल्या आणि मला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं. माणसांना सत्य दाखवलं तर ती त्याचीही पूजा सुरू करतात! काय करायचं अशांचं?

मग मला आई दिसली. ती टाळ्या वाजवत नव्हती. लाजेने लाल होऊन, फडकं मुठीत पिळत उभी होती. मी उरलेलं पाकीट तिच्यासमोर धरलं.

"आता तू कर."

"मी? वेडी झालीस? मला कसली आलीय शक्ती?"

"तेच तर! सगळ्यांना माहीत आहे, तुझ्यात काही शक्तीबिक्ती नाही."

हे जरा उलटंच लागलं. आईच्या नाकपुड्या फुगल्या. तिने हातमोजे हिसकावले, पाकीट टराटरा फाडलं आणि माझी खुर्ची ढकलून फरशी पुसायचा दांडा ओढला.

"चार लोकांत तमाशा करायला लाज नाही वाटत? घरी चल, मग बघते तुला! अभ्यास नको, काही नको, नुसती टिमकी वाजवायची! भिंतीवर चढून काय केलंस तेही मला माहीत आहे, समजलीस? मला काय आंधळी समजतेस? चिंचोक्याएवढी अक्कल नि..."

आणि बोलता बोलता ती थांबली. तिने दांड्याकडे पाहिलं. बोटाने टकटक केलं. मग पाना घेऊन मारला.

टण्‌!

हसलं आधी कोण, ठाऊक नाही. बहुतेक फिटरकाका. "वहिनी, हा कुठला मंत्र?"

"आईची बोलणी!" मी ओरडले. "शिव्यांनीसुद्धा दगड होतो! कारण तो मंत्राने होतच नाही. पट्टीत एक चिकट रसायन असतं. पाणी लागलं की तापतं नि कडक होतं. घाणेरड्या बादलीतलं पाणीही चालतं!"

आता गुडघेमावशीसुद्धा आईच्या हातात शक्ती आहे म्हणायला धजली नाही. ती आईला रोज बघते, आणि आईची बोलणीही रोज ऐकते.

"शक्तीचा अपमान!" महाराज गरजले. पण ते गरजताना पिशवीही भरत होते.

"पण गळती थांबली होती ना?" मालक चिडून म्हणाले. "कापड खोटं नव्हतं!"

"कापड खरंच आहे, साहेब. महाराज खोटे आहेत. पट्टी लहान चिरेला चालते. आपल्या पाइपाला तेवढीच चीर आहे हे कुणी बघितलं? माझ्या मनगटाचा एक्स-रे काढला होता. याचा कुणी काढला?"

फिटरकाका मान खाली घालून पुटपुटले, "पाइपाची जाडी मोजायचं यंत्र मिळतं. मागवा म्हणणार होतो मी. मग ते कापड पाहिलं नि..."

मालकांनी घड्याळाकडे नजर टाकली. "हा शनिवार जाऊ द्या, मग बघू. चला, कामाला लागा."

बघू! इतकं सगळं होऊन, बघू! मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी आई बोलली. हळू.

"मी या टेबलाशी उभी राहणार नाही."

"काय?"

"या कापडाखाली काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही. कळेपर्यंत मी याच्याखाली उभी राहणार नाही." आणि ती टेबलापासून बाजूला झाली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. शेवटी गुडघे धरत गुडघेमावशी.

टेबलं रिकामी झाली तेव्हा कुठे पाणी बंद झालं. म्हणजे मालकांना मी पटवलंच नाही. हे मला आजही सलतं.

पाइप गार झाल्यावर फिटरकाकांनी कापडाच्या शेजारी हातोडीचं टोक हलकेच टेकवून ठोकलं. ते आत गेलं. लोखंडात! बिस्किटात बोट जावं तसं. मग त्यांनी अख्खा तुकडा कापून खाली आणला. महाराजांच्या कापडाला ओरखडाही नव्हता. त्याच्या खालचा नि आजूबाजूचा पाइप मात्र वरच्या बाजूने पापुद्रे सुटून कागदाएवढा पातळ उरला होता. कुठल्याही दिवशी फाटला असता, आणि त्यातलं सगळं उकळतं पाणी आईच्या डोक्यावर.

"वरूनच का गंजला?" मालकांनी विचारलं.

फिटरकाकांनी तुकडा फिरवून पाहिला. "काहीतरी ओलं कायम याच्यावर पडून असणार. आणि तेही तिखट, खाणारं."

आईने मुठीतल्या ब्लीचच्या फडक्याकडे पाहिलं. दृष्ट लागली होती, ती या फडक्यांची! कुणी कुणावर काही केलं नव्हतं. आमच्याच हातांनी आम्ही तो रोज थोडा थोडा ब्लीचला खाऊ घालत होतो. ती खिडकीपाशी गेली, दोन खिळ्यांना दोरी बांधली आणि फडकं तिच्यावर टाकलं.

आता नवा पाइप आहे. गळतीमहाराज पलीकडच्या रस्त्यावर एका टाकीचे अश्रू पुसताहेत असं ऐकते, आणि माझे दात आपोआप आवळले जातात. म्हणून हे लिहिलं. कुणी चमत्कार दाखवला तर अवश्य बघा, मी तर बादलीवर चढून बघते. पण हात जोडण्याआधी दोनच गोष्टी विचारा. मंत्र न म्हणता दुसऱ्या कुणी हेच केलं तर होईल का? आणि झाकलंय त्याच्या खाली काय आहे? पहिला प्रश्न बाबाला पळवतो. दुसरा तुमचा जीव वाचवतो.

परवा गुडघेमावशीने मला दारात गाठलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "टिमके, कुणी नाहीये आता. एकदाच गुडघ्यावर हात ठेव ना गं."

"मावशी," मी म्हणाले, "आधी एक्स-रे!"