एकशे सात अक्षरांचा पत्ता

"सतरा नंबरच्या आजींना इन्सुलिन टोचायला निघाले होते, कळतंय का तुला?" हॉस्पिटलच्या वरच्या मजल्याची सिस्टर कॉम्प्युटरच्या खोलीत घुसून कडाडली. "मी बोट टोचून पाहिलं म्हणून वाचल्या. साखर नॉर्मल, आणि तुझा स्क्रीन म्हणतो चारशे दहा!"

प्रोग्रामरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारशे दहा खालच्या मजल्याच्या सतरा नंबरची. दोन्ही मजले रोज सकाळी रक्ताच्या नमुन्यांवर एकपासून नंबर टाकायचे.

मजले दोन, कॉम्प्युटर एकच. त्यातले प्रोग्राम एकमेकांशी सॉकेटवरून, म्हणजे निरोप देण्याघेण्याच्या आतल्या खिडकीवरून, बोलतात आणि सॉकेटचा पत्ता म्हणजे फाइलसारखं एक नाव. तिने ठेवलेली नावं साधी होती, 'खाली' आणि 'वर'. पण परवा मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं: देणगीदारांचं नाव, पदव्यांसकट, प्रत्येक पत्त्यात पाहिजे.

"साहेब, पत्त्यात एकशे सातच अक्षरं मावतात हो."

"मग मावव. तुला ठेवलंय कशाला?"

तिनेही जा मसणात म्हणत मावेल तेवढं ठेवून बाकीचं कापणारी ओळ घातली. कापलं गेलं शेपूट, आणि मजल्याचं नाव नेमकं शेपटात! दोन्ही पत्ते एकच झाले. आज सकाळी वरचा प्रोग्राम उठला, खालच्याचं सॉकेट त्याला कालचा कचरा वाटलं, ते पुसून हा पठ्ठ्या तिथेच ठाण मांडून बसला. खालचे सगळे रिझल्ट वर!

तिने दात-ओठ खात जुनी नावं परत घातली, दोन्ही मजल्यांचे रिझल्ट तपासले. तोवर साहेब कागद घेऊन हजर.

"कारण लिही, प्रोग्रामरची चूक. सही कर, विषय मिटव."

"कापणारी ओळ माझी, लिहिते. फर्मान तुमचं, तेही लिहिते."

"नोकरी नकोय वाटतं?"

"तिकडे म्हातारी मेली असती साहेब, आणि तुम्ही मला नोकरीची भीती घालता?"

तिने कागदावर पत्ता देणगीदारांच्या सगळ्या पदव्यांसकट उतरवला, एकशे सातव्या अक्षरापाशी लाल रेघ मारली. खाली साहेबांचा हुकूम, तारखेसह. मग स्वतःची सही, ठसठशीत.

साहेबांनी हात पुढे केला. तिने कागद तिथेच थांबलेल्या सिस्टरकडे दिला.

"आजींचा मुलगा बाहेर बसलाय ना? त्याला दे. आणि समजलं नाही तर इकडे पाठव, मी सांगते."

सिस्टर कागद घेऊन साहेबांच्या अंगावरून निघून गेली.