आधी माणसं हलवा

आश्विन उतरत आला होता. आकाश धुऊन वाळत घातलेल्या लुगड्यासारखं निळं, निरभ्र, निवांत. ऊन सुवर्णवर्णी, मंदगती, जिथे पडेल तिथे रेंगाळणारं. गावाच्या पश्चिमेला, चांगला कोसभर लांब, हरितश्यामल डोंगर पहुडलेला, आणि त्याच्या अंगाखांद्यावर सोनकीची पिवळी झळाळी. वर्षातले हेच काय ते पंधरा दिवस, जेव्हा या गावात कुणालाच घाई नसते.

घाई फक्त कुंभारवाड्याला. दिवाळी तोंडावर आलेली, आणि सर्जेराव कुंभाराच्या अंगणात मातीची माणसं ओळीने वाळत बसलेली. ओल्या तपकिरी गवळणी, ओले तपकिरी वासुदेव, पाटलाच्या तोऱ्यात बसलेले म्हातारे, आणि मावळ्यांची तर पलटणच्या पलटण. रंग अजून चढायचा होता, मिशा अजून यायच्या होत्या. त्यामुळे सगळे शूर वीर तूर्तास फारच गरीब दिसत होते.

त्या मृण्मय मेळ्याच्या कडेला, ओट्याच्या खांबाला धरून, एक मुलगी उभी असायची. कार्तिकी तिचं नाव. आठ वर्षांची, काळ्याभोर डोळ्यांची, सडपातळ. ती बसत नसे. पायातली चप्पल काढत नसे. आणि तिचं तोंड सदैव त्या डोंगराकडे असे.

आषाढात तिच्या गावावर दरड आली होती. सकाळी शाळेत गेलेली मुलगी दुपारी परतली, तेव्हा घर होतं तिथे लाल चिखल होता आणि घरातला आज्जा त्या चिखलाखाली होता. आईचा पाय मोडला, बापाने पत्र्याच्या शेडमध्ये बिऱ्हाड मांडलं, आणि कार्तिकीला शालन मावशीकडे धाडलं. तेव्हापासून पोर डोंगरावर पहारा देत होती. कपाट लोटल्याचा आवाज झाला की धावत येऊन मावशीचा पदर ओढायची, भर स्वयंपाकातून तिला अंगणात आणायची, आणि सगळे बाहेर आलेत का ते बोटांवर मोजायची. मावशीला देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. या लेकराने एकदा, फक्त एकदा, डोंगराकडे पाठ करून खेळायला बसावं.

माणसं वाईट नव्हती हो. सगळ्यांनी आपापल्या परीने माया केली. शेजारणींनी लाडू दिले, कुणी रिबिनी दिल्या, कुणी गालावरून हात फिरवून सांगितलं की झालं गेलं विसरायचं. आज्जाचं नाव घरात कुणी काढेना, पोरीला त्रास होईल म्हणून. काका, म्हणजे मावशीचा नवरा सर्जेराव, तिला हसवायला माकडाचं तोंड करून दाखवी. ते त्याला फारसं कष्टाचं नव्हतं. पोर हसायची नाही. ती शहाण्यासारखी मान हलवायची आणि पुन्हा डोंगराकडे बघायची.

सहामाही परीक्षा सरली, दप्तरं खुंटीला गेली, आणि आळीतल्या पोरांनी सर्जेरावाच्या अंगणात किल्ला मांडला. पुढारी होती शेजारची तेजल; दहा वर्षांची, दोन वेण्यांची, दहा माणसांच्या आवाजाची. विटा आल्या, पोती आली, तांबडी माती आली. चिखल तुडवताना गुडघे माखले, गाल माखले, एकाची तर शेंडीसुद्धा माखली. बुरूज उठले, दरवाजा उठला, पायऱ्या उठल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्या चिमण्या गिरिदुर्गाच्या पायथ्याशी गाव वसलं. काकाने भाजलेली, रंगवलेली माणसं उदार मनाने दिली. कडेला आडावरच्या गवळणी, मधोमध शेतकरी, आणि अगदी डोंगराच्या कुशीत, काडीच्या घराबाहेर, एक म्हातारा.

कार्तिकी हे सारं खांबाला धरून बघत होती. तिला कुणी बोलावलं नाही असं नाही. तेजलने दिवसातून चारदा हाक मारली होती. पण आता कार्तिकीला दोन दोन डोंगरांवर नजर ठेवायची होती, आणि ते काम काही थोडं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी ऊन तापलं. माती सुकली. आणि मोठ्या बुरुजाखाली, म्हाताऱ्याच्या घरामागे, केसाएवढी बारीक चीर गेली.

कार्तिकीने ती सगळ्यांच्या आधी पाहिली. खांब सोडून ती धावली, तेजलला दंडाला धरून मागे खेचू लागली, धाकट्या पोरांना ढकलू लागली. तोंडातून शब्द फुटेना, नुसता श्वास फुटत होता. पोरं भेदरली. काका चाकावरून उठून आला, आणि त्याने तेच केलं जे जन्मभर करत आला होता. कुंभाराच्या बोटाला चीर सोसत नाही. त्याने ओला हात घेतला, अंगठा फिरवला, चीर नाहीशी केली, आणि हसून म्हणाला की बघ, काही नाही, गेली.

ऊन आपलं काम करत होतं. घटकाभरात चीर पुन्हा उमटली, पहिल्याहून लांब. काकाने पुन्हा अंगठा फिरवला. ती पुन्हा उमटली. त्याने पुन्हा अंगठा फिरवला, आणि गेली, गेली, असं पुन्हा म्हणाला. आणि प्रत्येक वेळी ती पोर तेजलला आणखी जोराने मागे ओढत होती, कारण तिला दिसत होतं ते कुणालाच दिसत नव्हतं.

शालन मावशी दारात उभी राहून बघत होती. हाताला चकलीची भाजणी, कपाळावर घाम. बघता बघता तिच्या मनात लख्ख झालं, की गेले तीन महिने आपण सगळेच या लेकराच्या मनावर ओला अंगठा फिरवतो आहोत. तिला स्वतःची लाज वाटली. तिने नवऱ्याचा हात धरून बाजूला केला. मग ती फतकल मारून चिखलात बसली, पोरीच्या उंचीची झाली, आणि म्हणाली, "चीर हाय. मला बी दिसतीया. आता काय करायचं, तू सांग."

कार्तिकीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. तिला वाटलं असेल, ही खेळ करते आहे. पण मावशीच्या तोंडावर खेळ नव्हता.

"आधी मान्सं हलवा," कार्तिकी म्हणाली.

आणि मग काय वर्णावं! मावशीने एक गवळण उचलली. काकाने दोन शेतकरी उचलले. तेजलने आपल्या खणखणीत आवाजात आळीला हुकूम सोडला. गाई निघाल्या, वासरं निघाली, आडावरच्या बाया घागरींसकट निघाल्या. लाल, पिवळी, निळी, हिरवी रांगच्या रांग ओट्याकडे चालली. किल्ल्यावरचे मावळे आले, तोफा आल्या, महाराजसुद्धा सिंहासनासह अदबीने आले. एका धाकट्याने काडीची घरंही उचलली. कार्तिकी मध्ये उभी राहून मोजत होती, कुणी राहिलं तर नाही ना म्हणून वाकून बघत होती. शेवटी उरला तो म्हातारा. त्याला तिने स्वतः उचललं, दोन्ही हातांनी, आणि ओट्यावर आणून छातीशी धरून ठेवलं.

मग ती मावशीला म्हणाली, अगदी हलक्या आवाजात, "मी बघितली हुती, मावशे. शेरडांच्या गोठ्यामागं. आदल्या दिशी."

हळूहळू, तुटक तुटक, सारं बाहेर आलं. गोठ्यामागच्या जमिनीला चीर गेली होती. तिने तिच्यात बोट घातलं होतं. मग खडे टाकले होते, एकेक करून, आणि ते किती खोल जातात ते कान लावून ऐकलं होतं. मजा वाटली होती तिला. संध्याकाळी आज्जाला सांगायचं होतं, आणि ती विसरली होती. इवल्या जिवाने एवढा मोठा डोंगर तीन महिने एकटीने उचलून धरला होता, आणि आम्ही आळीतले सगळे तिला लाडू देत होतो.

तसं काही नसतं गं, असं मावशी म्हणाली नाही. तिने पोरीचे दोन्ही हात आपल्या भाजणीच्या हातांत घेतले.

"बघितलीस, खरं हाय. पर डोंगरावर ध्यान ठिवायचं काम मोठ्या मान्सांचं. ते आमच्याकडनं ऱ्हायलं. तुझ्याकडनं काय बी ऱ्हायलं न्हाई."

कार्तिकी रडली. आषाढापासूनचं सगळं साठलेलं रडली, मावशीच्या मांडीवर, चिखलात, भर दुपारी. काकाने माकडाचं तोंड केलं नाही. तो जवळ बसून राहिला आणि नाक शिंकरत राहिला. मावशीने मग आज्जाचं नाव काढलं. म्हणाली, तुझा आज्जा जेवताना इतका बोलायचा की भाकरी हातातच वाळायची. कार्तिकी हुंदक्यातून म्हणाली की शेरडांशीसुद्धा बोलायचा. आणि त्या दोघी, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, एकदम हसल्या. त्या घरात असं हसू फार दिवसांनी आलं होतं.

किल्ला मात्र ओकाबोका उभा होता. आता ह्याचं काय, असं तेजलने विचारलं. कार्तिकीने डोळे पुसले, म्हाताऱ्याला जपून ओट्यावर टेकवलं, पोरांना दहा पावलं मागे सारलं, पाण्याचा तांब्या घेतला, आणि स्वतःच्या हाताने त्या चिरेत ओतला. क्षणभर काही झालं नाही. मग बुरूज कलला, पायऱ्या विरघळल्या, आणि अख्खा तांबूस, चिंब, चमकता कडा धप्पकन खाली बसला. खाली कुणी नव्हतं. एक गवळणही नव्हती, एक वासरूही नव्हतं. आळीने असा काही जल्लोष केला की झाडावरचे पोपट उडाले, आणि त्या जल्लोषात कार्तिकीचा आवाज तेजलच्याही वर होता.

एका दुपारीत सारं दुखणं पळालं, असं मी सांगणार नाही. तशी खोटी गोष्ट मला जमत नाही. कपाट वाजलं की ती अजूनही दचके. पण आता काका तिला घेऊन कपाटापाशी जाई, काय वाजलं ते दाखवी. मावशी बाजारात जाताना परतायची वेळ सांगून जाई, आणि त्या वेळेला परतेच. बापाचा फोन आला की आज्जाच्या गोष्टी निघत. आणि दिवाळीपर्यंत तो किल्ला तीनदा पडला, तीनदा उठला. दरवेळी माणसं आधी हलली, दरवेळी उतार थोडा सौम्य झाला, पाण्याला चर काढला गेला, मातीत भुसा मिसळला गेला. चौथ्या खेपेला चीर पडलीच नाही. तेजलने पुढारीपण सुखासुखी सोडलं नाही. दोघींची चांगली जुंपली, आणि कार्तिकी कडकडून भांडली, हे ऐकून मावशीने देवापुढे साखर ठेवली.

धनत्रयोदशीची संध्याकाळ. पश्चिमेला केशर सांडलेलं, अंगणात रांगोळीचे ठिपके, हवेत तळणाचा खमंग दरवळ. मावशी पणती घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. अंगणात पोरं गोलात बसली होती. कार्तिकी अनवाणी, मांडी घालून, कोपरापर्यंत माखलेली, गवळणींसाठी नवी वाट थापटत होती, आणि खालमानेने काहीतरी गुणगुणत होती. तिच्या मागे केशरी उजेडात डोंगर उभा होता. तिने वळून पाहिलं नाही. डोंगर आपल्या जागी उभा होता, पोर आपल्या खेळात बसली होती.