बिनपात्याचं यंत्र

"गाणं म्हणे! हिच्यावर! हिच्या आयुष्यात घडलंय काय, तर एकदा दूध उतू गेलं आणि एकदा मांजर कणगीत पडलं. त्याचं करा गाणं!"

घरची थोरली सून हे म्हशीला सांगत होती, धाकट्या जावेबद्दल. म्हैस रवंथ करत होती, आणि कुडापलीकडे सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "विळा सांभाळून गं. बोलताना बोट कापशील."

थोरली चारा कापत होती. रोज दोन भारे, विळ्यानं. गोठ्याच्या कोपऱ्यात चारा कापायचं यंत्र उभं होतं, मोठ्या चाकाचं, मुठीचं. फक्त पातं नव्हतं त्याला. पातं धारेला गेलंय, असं घरात सांगायचे. अकरा वर्षं सांगत होते.

गाण्याचं झालं होतं असं. गावात नाटकवाली मंडळी उतरली होती. बियाण्याच्या रिकाम्या गोदामात त्यांचं संगीत नाटक व्हायचं होतं, आणि त्यातली गाणी गावातल्याच माणसांच्या खऱ्या गोष्टींवर. गाणी रचणारी बाई घरोघर फिरायची. काम करणाऱ्या माणसाशेजारी बसायची, त्याच्या कामाचा ठेका मांडीवर धरायची आणि ऐकत राहायची. तिचा एक नियम होता. गाणं तयार झालं की आधी त्या घराच्या अंगणात म्हणायचं. घरातल्या एकानं जरी नकाराची मान हलवली, तरी ते गाणं रंगमंचावर जायचं नाही.

बाई पहिल्यांदा आली ती थोरलीकडेच. विळ्याच्या कचकच आवाजावर बोटं वाजवत म्हणाली, "ताई, यंत्र असून हातानं का कापता?"

"पातं धारेला गेलंय."

"कधी येणार?"

"येईल."

"बरं, मग एखादी गोष्ट सांगा ना तुमची."

"आमच्याकडे गोष्टी नसतात, बाई. कामं असतात. सरका, पायावर विळा येईल."

बाई सरकली ती थेट धाकटीच्या स्वयंपाकघरात. तिथून दोन दिवस हसणं काय, कुजबुज काय! तिसऱ्या दिवशी तर हुंदकाही ऐकू आला. थोरलीनं तेव्हा मुद्दाम बादली आपटली होती.

मग सुरू झाला धाकटीचा तोरा. निदान थोरलीला तरी तो दिसायचा. गिरणीत बाया तिला पुढे सोडायच्या. "झालं का गं तुझं गाणं?" धाकटी लाजून "कसलं माझं" म्हणायची, आणि त्या लाजण्यानं थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिला धड वासरू बांधता येत नाही, जिचा नवरा रोज संध्याकाळी घरी येऊन पाय धुतो, तिच्यावर गाणं? आणि आपण सगळ्या घराचा चारा एका हातानं ओढला, तर आपल्या वाट्याला म्हशीची शेपटी!

त्या दुपारी बाई गाणं ऐकवायला आली. अंगणात सतरंजी पडली. सासूबाई खांबाला टेकल्या. दीर, धाकटीचा नवरा, शेतातून लवकर आला. धाकटी दाराआड. थोरली मुद्दाम पायरीवर, सगळ्यांच्या वर बसली. मान तिनं आधीच तयार ठेवली होती. बाईचं तोंड उघडलं, की दोनदा हलवायची. संपला तोरा.

बाईनं मांडीवर ठेका धरला. कचकच, कचकच. थोरलीच्या हाताला तो ओळखीचा वाटला.

*पातं काढून नेलं त्यानं, म्हणाला, धार लावून येतो,*
*दारातच वळून म्हणाला, जेवायच्या आत येतो.*
*विळ्यानं कापते चारा मी, यंत्र उभं बिनपात्याचं,*
*विचारलं कुणी तर सांगते, काम आहे एका दिवसाचं.*

सासूबाईंची नजर जमिनीला खिळली. दीर उगाच पायाचा चिखल खरवडू लागला, नसलेला.

थोरलीची मान हललीच नाही. तिला पहिल्यांदा आठवलं ते ताट. त्या दिवशी नवऱ्यासाठी वाढून झाकलेलं, संध्याकाळी म्हशीपुढे ओतलेलं. आणि मग, खरं सांगायचं तर, रागच आला. हुंदका आठवला ना स्वयंपाकघरातला! आपलं रडणंसुद्धा धाकटीनं आधी उरकून घेतलं.

गाणं पुढे गेलं. शेवटच्या कडव्यात तो परत आला. खांद्यावर गोणपाट, गोणपाटात पातं, पात्यावर ऊन चमकतंय. बाई थांबली.

"धाकट्या वहिनींच्या माहेरच्या एका बाईची गोष्ट आहे ही," ती म्हणाली. मात्र तिची नजर गोठ्याकडे गेली आणि पटकन परत आली. "ठेवू ना?"

"ठेवा, ठेवा," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "माहेरचीच आहे ती. छान झालं शेवटी. आला बिचारा."

"हो, आला," दीर म्हणाला. या दिरानंच सात वर्षांपूर्वी एकदा नवीन पातं आणायचा विषय काढला होता. तेव्हा सासूबाई भरल्या ताटावरून उठून गेल्या होत्या. पुन्हा विषय नाही.

थोरलीनं मान हलवली. दोनदा.

धाकटी दाराआडून बाहेर आली. डोळे लाल. "ताई, चुकलं माझं. तुमचं नाव नाही घेतलं मी. शेवटही मीच गोड करायला लावला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"तुझ्या माहेरी कुणाकडे यंत्र आहे गं? तुझ्या माहेरी तर शेळी आहे, तीही शेजाऱ्यांची."

धाकटीला रडता रडता हसू फुटलं. थोरली मात्र हसली नाही. ती पायरीवरून उतरली आणि सतरंजीवर, बाईच्या अगदी समोर येऊन बसली. जिची गोष्ट, तिनं जिथं बसायचं तिथं.

"गाणं चांगलंय, बाई. ठेका तर माझाच आहे. शेवट तेवढा खोटा आहे."

"सूनबाई..." सासूबाई तिला अडवायला पुढे झाल्या.

"बोलू द्या, आई. अकरा वर्षं तुमच्यासाठी मी बोलले नाही, आणि माझ्यासाठी तुम्ही. ती बाई मी आहे. लिहा तसं." मग ती दिराकडे वळली. "भाऊजी, उद्या बाजारातून नवीन पातं आणा. तो येणार नाही."