रबरी चटईवरचा सराव

धाकटीचा फटका आधी वेडावाकडाच होता. गोल्फची काठी मागे नेताना तिचं कोपर पंखासारखं उडायचं, वर गेल्यावर मनगट उगाच एक गिरकी घ्यायचं, आणि तरी चेंडू बहुतेक वेळा हवा तिथे जाऊन पडायचा.

"हे नशिबाचं काम झालं, भरवशाचं नाही," म्हणत बापाने तो फटका मोडायला घेतला. बाप गोल्फच शिकवणारा. पोर एकदा संघात निवडली गेली की डोळे मिटायला मोकळा, असं म्हणायचा.

मैदान दुरुस्तीला काढलेलं, म्हणून सगळा सराव शेडमध्ये, रबरी चटईवर. कोपर अंगाशी राहावं म्हणून काखेत रुमाल. तो पडला की फटका बाद.

"अहो, अशी काख आवळून साधी भांडी तरी घासता येतील का?" आई म्हणायची.

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"नाहीच कळत. पोर जेवताना बोलेनाशी झालीय, तेवढं कळतं."

पण रुमाल पडेनासा झाला. चेंडू एकामागून एक समोर टांगलेल्या जाळीच्या मधोमध. बापाला हायसं वाटलं.

निवडीची चाचणी मात्र खऱ्या गवतावर होती. पहिल्याच फटक्याला काठी चेंडूच्या अलीकडे मातीत रुतली. ढेकूळ उडालं, चेंडू कसाबसा गडगडला. दुसऱ्यालाही तेच. बापाने उखडलेली माती पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं. काठी शेडमध्येही अलीकडेच टेकत होती. रबरावरून घसरून ती चेंडूपर्यंत पोचायची, म्हणून कळलंच नव्हतं. इतके महिने त्याने पोरीच्या अंगात चूक मुरवली होती, आणि तीही एकसारखी.

तो लगबगीने जवळ गेला. "बाळा, तुझा जुना फटका मार. उडू दे कोपर."

तिने काठी उचलली. कोपर जरासं हललं आणि पुन्हा बरगडीला चिकटलं.

"नाही येत, बाबा. कसा होता तो? तुम्ही करून दाखवा ना."

बापाने काठी हातात घेतली, मागे नेली, आणि तशीच खाली ठेवली. तो फटका त्याला कधी आलाच नव्हता.

"उरलेले चेंडू मारून घे गं," निवड करणाऱ्या बाई मायेने म्हणाल्या. त्यांनी पेनला टोपण लावलं होतं. "सगळे मारावे लागतात, नियम आहे."

धाकटीने मान हलवली. पाय रोवले, कोपर अंगाशी घेतलं, आणि बापाने शिकवलं होतं अगदी तसा, मातीत फटका मारला.