नंबर बदलला की लागतंय

मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं महेंद्रचं ठाम मत होतं आणि ते तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. विट्यात स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. कीबोर्डवर चहा सांडून वर ‘आपोआप बंद पडला’ म्हणणाऱ्याला तो असा धुऊन काढायचा, की पुढच्या वेळी माणूस आल्या आल्या कबुली द्यायचा. तरी लोक त्याच्याकडंच यायचे. हात चांगला होता, जीभ वाईट होती, आणि लोकांना मतलब हाताशी.

त्याची भाची प्रियदर्शनी महिन्यात दुसऱ्यांदा लॅपटॉप घेऊन आली तेव्हा दुकानात चार माणसं उभी होती. त्यानं मशीन उघडलं, दुकानाचं वायफाय निवडलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ते लागलं.

“हे काय? लागलं की!”

“इथं लागतंय, मामा. गावात लागत न्हाई.”

“आगं, लॅपटॉपला कळतंय व्हय, आता विटं हाय का गाव हाय ते?”

चारही माणसं हसली. माणसं हसली की महेंद्रला चेव यायचा. “नाचता येईना आन् अंगण वाकडं,” म्हणत त्यानं लॅपटॉप तिच्यापुढं सारला. प्रियदर्शनी लालबुंद झाली, पिशवीची चेन ओढली आणि गेली. चहा पण घेतला नाही.

गुरुवारी दुपारी एकला तिचा फोन आला. शुक्रवारी ठेवलेली ऑनलाइन मुलाखत आज तीनलाच घेतो, असा मेसेज आला होता, आणि लॅपटॉप लागत नव्हता.

मुलाखत साधीसुधी नव्हती. ज्वारीच्या वाणांवर काम करणारी हैदराबादची एक संस्था. सहाशे अर्जांतनं नऊ जणांना बोलावलेलं आणि घ्यायचे होते दोघं. प्रियदर्शनीनं सांगलीत राहून एम.एस्सी. केलं, दोन वर्षं दिसंल तिथं अर्ज टाकले, आणि इतक्या पुढं पहिल्यांदाच पोचली होती. विट्याची एसटी बाराला निघून गेली होती. आता जे काय व्हायचं ते घरातनं, त्याच लॅपटॉपवरनं.

महेंद्रनं शटर असं ओढलं की शेजारचा टेलर दचकून बाहेर आला. पेनड्राइव्ह, टूलकिट पिशवीत कोंबून त्यानं गाडीला किक मारली. आटपाडीच्या अंगाला सव्वीस किलोमीटर तो हेल्मेटच्या आत एकटाच बडबडत गेला. शिकलेली पोरगी, आणि साधं वायफाय लावता येत नाही! आपलं नाव घालवणार ही.

गाव खोलगटात. मोबाईलची रेंज पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर तेवढी, तीही बोलण्यापुरती. पण गेल्या वर्षी ग्रामपंचायतीनं गावाला फुकट वायफाय आणलं होतं. एक डबा पंचायतीवर, एक शाळेवर. पंचायतीत जाऊन आपलं नाव, आपली आळी आणि आपलं मशीन नोंदवायचं, मग पासवर्ड मिळायचा. महेंद्रच्या थोरल्या बहिणीचं, आक्काताईचं घर शाळेला लागूनच होतं. त्या आळीचं कागदावरचं नाव सिद्धार्थनगर. गावाच्या तोंडात मात्र अजून राजवाडाच, इकडं बौद्धांच्या वस्तीला म्हणतात तसं.

तो पोचला तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. प्रियदर्शनी चांगली साडी नेसून, केस बांधून, लॅपटॉपपुढं बसली होती.

“सरक,” तो म्हणाला.

सिग्नल फुल होता. पासवर्ड बरोबर. चकती गरगर फिरली आणि खाली ओळ आली, या नेटवर्कला जोडता येत नाही. त्यानं मशीन बंद करून चालू केलं. नेटवर्क पुसून परत घातलं. ड्रायव्हर काढला, पेनड्राइव्हवरनं नवा टाकला. नेटवर्कची सगळी सेटिंग मुळापासनं कोरी केली. दर वेळी तीच चकती, तीच ओळ. सव्वादोन झाले, दोन वीस झाले.

“काय काय भरून ठेवलंस ह्यात? पिक्चर? गेम?”

“मामा, मी काय बी केलेलं न्हाई.”

“मग काय भूत येतंय व्हय रात्रीचं?”

चिडून त्यानं स्वतःचा फोन काढला, तोच पासवर्ड घातला. फोन झटक्यात लागला. महेंद्रनं तो तिच्या नाकापुढं नाचवला. “हे बघ! नेट झकास हाय. तुझंच मशीन फुटकं. आन् मी तुला म्हैनाभर सांगतुय.”

चुलीपुढनं आक्काताई बोलली, “माझा बी फोन लागत न्हाई. पलीकडच्या पूजाचा बी न्हाई. आमच्या आख्ख्या आळीचंच बंद हाय, दोन म्हैनं झालं.”

“मग सांगितलं का न्हाईस, आक्का?”

“तुला? तू मशीनचं ऐकतुस बाबा. माणसाचं कवा ऐकलंयस?”

महेंद्रचा हात कीबोर्डवरच थांबला. एक मशीन बिघडतं. दोन बिघडतात. आख्ख्या आळीची मशीनं एकाच रोगानं एकाच वेळी बिघडत नाहीत, आणि विट्यातनं आलेला परका फोन त्याच जागी झटक्यात लागत नाही. पंधरा वर्षांच्या धंद्यात त्याला एवढं कळत होतं. त्यानं सेटिंगमधलं एक बटण दाबलं, परत जोडलं, आणि वायफाय लागलं. दोन एकतीस.

“आगं बाई, लागलं!” आक्काताईनं हात जोडले.

“काय केलासा?” प्रियदर्शनीनं विचारलं.

“काय न्हाई. बस आता, तयारी कर.”

“मामा, काय केलासा?”

तिनं तसं विचारल्यावर सांगावंच लागलं. “गाडीला कसा चासी नंबर आसतुय, तसा ह्येला बी आतनं एक नंबर आसतो. राउटर त्यो वाचतं आन् मग आत घेतं. तुझ्या मशीनचा नंबर कुणीतरी अडवून ठेवलाय. मी खोटा नंबर दाखवायला लावलं, म्हणून लागलं.”

“कुणी अडवलाय?”

“ते मागनं बघू.”

“न्हाई, आत्ता सांगा. माझ्या नंबरात काय खोट हाय?”

“प्रियू, तीन वाजाय आलं! नंबर बदलला की लागतंय ना? मग बस की गुमान!”

ती उठून उभी राहिली. आवाज मात्र चढवला नाही. “तुमच्या दुकानाच्या बोर्डावर काय लिवलंय, मामा? एम. एस. कॉम्प्युटर्स. सरतापे का न्हाई लिवलं? तीन ठिकाणी गाळा नाकारला म्हणून ना? चौथ्याला आडनावच सांगितलं न्हाईसा. नंबर बदललासा आन् लागलं. मी पंचायतीत सरळ नाव लिवून दिलंय माझं, आळीसकट. मी न्हाई बदलणार.”

महेंद्रला कानाखाली बसल्यासारखं झालं. पोरीला थोबाडीत द्यावी असंही एकदा वाटलं, कारण खरं बोललेलं सगळ्यात झोंबतं. तोवर तिनं लॅपटॉप बगलेत मारला, चार्जर गोळा केला आणि चपला घातल्या. “आगं इंटरव्ह्यू! येडी का खुळी तू?” आक्काताई मागनं ओरडली. महेंद्र तिच्या मागं पळाला.

पंचायतीत ऑपरेटर शंभूराज एकटाच होता. विशीतला पोरगा, कपाळाला बारीक गंध, पुढ्यात भेळ. महेंद्रनं जय भीम नाही, नमस्कार नाही, सरळ सांगितलं, “राउटरचं पान उघड.”

“आवं, कोण तुमी? सरपंचांना इचारल्याबिगर...”

“उघड म्हंतो न्हवं!”

तो आवाज ऐकून शंभूराजनं उघडलं. अडवलेल्या मशीनची यादी समोर आली. ती भरताना प्रत्येक नंबरापुढं ओळखीचं नाव घालायला जागा होती. तिथं लिहिलं होतं, राजवाडा एक. राजवाडा दोन. राजवाडा तीन. असं करत राजवाडा अकरापर्यंत. माणसाचं नाव एकाही ओळीत नव्हतं.

“एकूण नोंदी किती गावात?” महेंद्रनं विचारलं.

“एकशे त्रेसष्ट.”

“आन् अडवलेल्या?”

“अकरा.” शंभूराजनं भेळेचा कागद बाजूला सारला. “लोड येत हुता ओ दादा. सरपंच म्हनलं, ती विहारात बसत्यात त्येंचं तेवढं बंद कर, मग गावाला नीट मिळंल. माझं काय हाय त्यात? मी आपला पगारी.”

“म्हंजी एकशे बावन्न जणांचा लोड येत न्हाई. आमचाच तेवढा येतोय. व्हय रं?”

महेंद्रच्या पायाची आग मस्तकात गेली. राग कशाकशाचा होता ते त्याला एका दमात सांगता आलं नसतं. ह्या पोराचा होता, नाव न घेता हुकूम देणाऱ्या सरपंचाचा होता. पण सगळ्यात जास्त होता तो चार माणसांत केलेल्या त्या विनोदाचा. लॅपटॉपला कळतंय व्हय म्हणे, कुठलं गाव ते! लॅपटॉपला कळत नव्हतं. कळवणारा इथं बसला होता, आणि आपण पोरीलाच हसलो. दोन वेळा आली, दोन्ही वेळा खरं सांगितलं, आणि आपण तिला हाकललं.

“माझा कुठला?” प्रियदर्शनीनं विचारलं.

शंभूराजनं चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

“काढ.”

“सरपंचांना एक फोन...”

महेंद्रनं कीबोर्ड ओढून घेतला. चार नंबर एकटा काढला नाही. अकराच्या अकरा ओळी निवडल्या आणि पुसून टाकल्या. प्रियदर्शनीनं आपल्या लॅपटॉपमधला खोटा नंबर बंद केला आणि जोडलं. लागलं. दोन त्रेपन्न.

“चल घरी, पळ,” महेंद्र म्हणाला.

“घरी न्हाई. आपण पाठ फिरवली की हा परत घालणार. मी इथंच बसते.” आणि ती मीटिंगच्या टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसली.

“आवं ताई, ती सरपंचांची खुर्ची!”

“मग उभा ऱ्हाऊन देऊ व्हय इंटरव्ह्यू?”

महेंद्रनं शंभूराजला दंडाला धरून बाहेर आणलं, दार पुढं ओढलं आणि स्वतः पायरीवर उभा राहिला. शंभूराजनं घाईघाईनं सरपंचांना फोन लावला आणि काय झालं ते सांगत सुटला. पलीकडनं मोठ्यानं प्रश्न आला, “कोण हाय त्यो?” महेंद्रनं फोन त्याच्या हातनं घेतला.

“मी महेंद्र सखाराम सरतापे. आक्काताईचा भाऊ. विट्यात लॅपटॉपचं दुकान हाय. आत माझी भाची इंटरव्ह्यू देतीया. ती उठंपतूर कुणी आत जायचं न्हाई, तुमी बी न्हाई. मग या, काय बोलायचं ते बोलू.”

पलीकडनं काहीतरी शिवराळ आलं. महेंद्रनं फोन परत शंभूराजच्या खिशात घातला.

पंचायतीपुढं पाच-सात माणसं जमली. कुणी विचारलं, काय झालं गड्या? महेंद्रनं प्रत्येकाला तेच सांगितलं, अकरा ओळींचं, मोठ्यानं. एक म्हातारा मान हलवून म्हणाला, आसं करू ने ओ. बाकीच्यांनी पायाकडं बघितलं. आतनं प्रियदर्शनीचा आवाज येत होता. आधी दबका, मग मोकळा. इंग्रजीतनं ती ज्वारीवरच्या खोडमाशीबद्दल बोलत होती, कोरडवाहू रानाबद्दल बोलत होती, एकदा तर हसलीसुद्धा. महेंद्रला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण तो दाराकडं कान देऊन ऐकत राहिला.

साडेतीनला ती बाहेर आली. “झालं. आठवड्यात कळवत्यात.”

“कसं गेलं?”

“लय चांगलं गेलं, मामा.” आणि मग तिला रडू आलं, इतका वेळ धरून ठेवलेलं.

सरपंच काही आले नाहीत. दोघं घरी आल्यावर आक्काताईनं दोन महिन्यांनी फोनवर वायफाय लावून बघितलं, लागलं. पूजा धावत सांगायला आली. सगळ्या आळीत गलका झाला. महेंद्रनं भाचीपुढं कान धरले नाहीत, तेवढा तो मोठा नव्हता. पण “माझं चुकलं, प्रियू” एवढं सगळ्यांदेखत म्हणाला. चहा झाला. पाचला तो निघाला, हेल्मेट घातलं, आणि दुकानात कुणाचा निरोप आलाय का बघायला फोन काढला.

या नेटवर्कला जोडता येत नाही.

त्यानं परत लावला. तीच ओळ. आक्काताईचा गेला, पूजाचा गेला. प्रियदर्शनीनं लॅपटॉप उघडून बघितला आणि नुसती मान हलवली. दुपारी ह्याच घरात त्याचा फोन झटक्यात लागला होता, कारण तेव्हा तो कुणाचा आहे ते गावाला ठाऊक नव्हतं.

महेंद्रनं हेल्मेट काढून कट्ट्यावर ठेवलं. “आक्का, माझी बी भाकरी टाक. मी आज जात न्हाई.”

“आन् आत्ता कुठं चाललासा?” प्रियदर्शनीनं विचारलं.

“पंचायतीत. बारा नंबरला घातलंय मला. म्हणावं, घालतूस तर राजवाडा बारा लिवू नगंस. पुरं नाव घाल, आडनावासकट.”