माझ्यावर टेकलेले हात

मी एक जुना स्पर्शपट आहे. दिसायला अगदी साधा: शाळेच्या पाटीएवढा, राखाडी, जाडसर कापडाचा तुकडा. मला पाहून कुणाला पायपुसणं वाटेल. तसं एकदोघांना वाटलंही आहे.

मित्रांनो, मी ज्या काळातून बोलतो आहे, तो तुमच्या वाट्याला अजून यायचा आहे. तुम्ही दूरच्या माणसाचा आवाज ऐकता, चेहरा पाहता. माझ्या काळात स्पर्शही पाठवता येऊ लागला. आम्ही स्पर्शपट नेहमी जोडीनं जन्मतो. एकावर हात टेकला की दुसरा, कितीही दूर असो, तेवढ्याच जागी ऊबदार होतो आणि हाताच्या आकारात फुगून वर येतो.

माझ्यावर पहिला हात टेकला तो कारखान्यातल्या तपासनीस बाईंचा. शेजारच्या खोलीत माझा जोडीदार होता. तिथून त्यांची मैत्रीण ओरडली, "आला गं तुझा हात! घाम तरी पुसायचास!" त्या हसल्या, आणि मी पास झालो.

चष्मे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हा दोघांना घरी नेलं. त्यांची एकुलती एक मुलगी दूरच्या बंदरावर क्रेन चालवायला निघाली होती. जोडीदार तिच्या बॅगेत गेला. मला जेवणाच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर टांगलं.

रोज संध्याकाळी काम सुटलं की मुलगी तिकडे हात टेकायची. इकडे आई भांडी टाकून, साबणाचा हात तसाच घेऊन धावत यायची. मुलीनं बोट दोनदा आपटलं तर 'जेवले', तीनदा आपटलं तर 'कंटाळा आलाय'.

"आजही कंटाळल्यात बाईसाहेब," आई म्हणायची.

"तू सरक जरा, मलाही जागा दे की," बाबा म्हणायचे. ते फारसं बोलत नसत. पण माझ्यावर त्यांचा हात सगळ्यात जास्त वेळ असायचा. पाहुणे आले की माझं कोण कौतुक! सात वर्षं मी त्या घरात तोऱ्यात राहिलो.

मग घरात प्रतिरूप आलं. ती प्रकाशाची आकृती होती. खोलीच्या मधोमध मुलगी उभी राहायची, हुबेहूब तिचं हसणं, तिचे केस, तिचा आवाज. गंमत म्हणजे मुलीला वेळ नसेल तेव्हा प्रतिरूप तिच्या वतीनं स्वतःच बोलायचं. त्यानं काय सांगायचं आणि काय नाही, एवढं मुलीनं ठरवून दिलं की झालं.

आईबाबा हरखून गेले. मुलगी आता हाक मारली की हजर! मला खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं आणि कपाटाच्या माथ्यावर, जुन्या खोक्यांच्या मागे ठेवलं. तिथे धूळ होती आणि एक मोडकी छत्री. छत्री काही बोलायची नाही. खालून हसण्याचे आवाज यायचे. मी मनाशी म्हणायचो, चाललंय ते बरंच चाललंय. पण गारठून जायचो.

दीड वर्षानं एका दुपारी माझ्या घडीत अचानक ऊब आली. मुलीचा हात! पण तो थरथरत होता. बोट तीनदा आपटलं. थांबलं. पुन्हा तीनदा. मी कापडाचा तुकडा. मला ना तोंड, ना पाय. चार दिवस तो हात येत राहिला आणि कुणालाही न भेटता परत जात राहिला. मित्रांनो, त्या चार दिवसांइतका असहाय मी कधीच नव्हतो.

पाचव्या दिवशी बाबा जुन्या काचांचं खोकं शोधायला स्टुलावर चढले. त्यांचा हात मला लागला.

"अगं, हे तापलंय! तार जळतेय की काय?"

त्यांनी मला खाली आणून टेबलावर पसरलं. हाताचा आकार वर आला. बाबांनी त्यावर हात ठेवला, तशी ती बोटं घट्ट आवळली गेली.

प्रतिरूप समोरच उभं होतं. बाबांनी त्याला विचारलं, "बाळा, कशी आहेस?"

"एकदम मजेत, बाबा! तुम्ही जेवलात?" ते हसून म्हणालं.

आईनंही माझ्यावर हात ठेवला, हुंदक्यांनी हलणारा तो हात तिला जाणवला आणि तिचा चेहरा उतरला. "ही तर हसतेय," ती म्हणाली. "मग रडतंय कोण?"

बाबांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि बंदराच्या कचेरीत फोन लावला. मुलगी क्रेनच्या शिडीवरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. महिनाभर ती दवाखान्यात एकटीच होती. आईबाबांना काळजी नको, म्हणून 'मजेत आहे एवढंच सांग' असं तिनंच प्रतिरूपाला बजावलं होतं. मग एकटेपणा सोसवेना, तेव्हा कुणाला न सांगता ती माझ्या जोडीदारावर हात टेकत राहिली.

आईबाबा त्याच संध्याकाळी निघाले. सहा आठवडे घराला कुलूप होतं. टेबलावर मी एकटाच. पण तिकडून हात आला नाही, याचा मला पहिल्यांदाच आनंद वाटत होता.

मुलगी कुबडी घेऊन घरी आली. ती आता बाबांच्या दुकानात बसते, बंदरावर परत जायचं तिनं सोडून दिलं आहे. मला पुन्हा भिंतीवर मानानं टांगलंय. जोडीदार खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. तिघं टेबलाशी बसून भांडतात, हसतात, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालतात. माझ्यावर हात टेकायची गरज कुणालाच उरलेली नाही. मी दिवसभर गार असतो.

मित्रांनो, उद्या तुमच्याकडे माझ्याहून हुशार यंत्रं येतील. त्यांना खुशाल घरात घ्या. जुनी झाली तर अडगळीतही टाका, आम्ही रुसत नाही. पण तुमचं माणूस 'मजेत आहे' म्हणालं, तर एकदा जवळ जाऊन त्याचा हात हातात घ्या. एकटं राहायची सवय मी करून घेईन. माणसांना ती लागू देऊ नका.